खटका सुटेपर्यंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते या शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत. साठच्या दशकात आम्ही त्यांच्या हाताखाली रंधा धरला, कानस चालविली, पत्र्याच्या डबीला डाख लावला. त्या तासाचे गुण एकूण बेरजेत धरले जात नसत. म्हणून आम्ही तो तास हलका मानीत असू. गुरुजी तो कधीच हलका मानीत नसत. वस्तू तयार झाली की ते ती हातात घेत, उलटसुलट करून पाहत आणि जोडाच्या ठिकाणी एकदा ओढून बघत. जोड सुटला तर वस्तू मुकाट्याने परत मिळे. रागाचा शब्द नसे, पण गुणही नसत.

साहित्याच्या प्राध्यापकाने या व्यासपीठावरून कविता-कादंबरीविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. तरीही मी आजच्यासाठी एका हत्याराचा विषय निवडला आहे. रॅचेट क्रिंपर हे त्याचे नाव. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या बारीक तारांच्या टोकांना धातूच्या इवल्याशा पिना दाबून बसविणारी ही एक पक्कड आहे. व्याख्यानाच्या वेळी ती मी सोबत आणली होती. या पुस्तिकेत तिचे काम शब्दांनीच भागवावे लागेल.

असा विषय मराठीतून मांडण्याचा संकोच निदान बडोद्यात तरी वाटू नये. १८९० साली सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन उभारले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की, धंद्याचे शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेतून मिळावे. रंग, यंत्रे, सुतारकाम हे विषय मातृभाषेत मांडता येतात, हे या गावाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखविले आहे. कारागिराच्या तोंडी जो शब्द रुळला आहे तोच मी वापरणार आहे. क्रिंपला मी क्रिंपच म्हणेन. त्याला संस्कृत वेष चढविण्याची हौस मी आवरली आहे.

एक चुकलेला शेरा

या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगितले पाहिजे. २०१३ साली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलाविले होते. विज्ञानातले मला फारसे कळत नाही, पण मुलांनी विषय कसा मांडला ते पाहावे, अशी माझ्यावर कामगिरी होती. आठवीतल्या एका मुलीने गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की भोंगा वाजविणारे यंत्र मांडले होते. तिने ते सुरेख समजावून सांगितले. मग बादलीत पाणी ओतले. पाणी चढले, तारेच्या टोकाला लागले, पण भोंगा वाजला नाही. तिने वायर जराशी हलविली. तो क्षणभर वाजला आणि गप्प झाला. तिने पुन्हा हलविली. पुन्हा तेच. मी परीक्षणपत्रकावर 'मांडणी चांगली, प्रयोग सिद्ध झाला नाही' असा शेरा लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

संध्याकाळी बक्षिसे वाटून झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी, जो आता इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे दुकान चालवितो, ते यंत्र उघडून बसला होता. त्याने मला हाक मारली. "सर, सर्किट बरोबर आहे. पिन बरोबर नाही." त्याने भिंग माझ्या हाती दिले. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरमधून काढलेली ती पिन तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब असेल. तिच्या धातूच्या पाकळ्यांनी तारेतले तांबे पकडायचे; त्यांनी पकडले होते तांब्यावरचे प्लॅस्टिक. तांब्याचा एखाददुसरा तंतू धातूला ओझरता टेकत होता. तो टेकला की भोंगा वाजे. सरकला की बंद होई.

मुलीची कल्पना बरोबर होती, आकृती बरोबर होती, तिचे बोलणेही बरोबर होते. चुकला होता तो दोन-तीन मिलिमीटरांचा एक जोड. निकाल जाहीर झाला होता. शेरा मी बदलला नाही. ती रुखरुख मनात राहिली. पुढे मी त्या विद्यार्थ्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो आणि उतारवयात एक हत्यार शिकलो. आज जे सांगणार आहे, ते त्या दुकानातले शिक्षण आहे.

पिनेची घडण

प्रथम पिन, म्हणजे ज्याला माहितीपत्रकांत टर्मिनल म्हणतात, ती समजून घेऊ. पितळेच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या पातळ पत्र्यातून ती छापून काढलेली असते आणि तिच्यावर बहुधा कथिलाचा मुलामा असतो. तिचे तीन भाग पडतात. पुढचा भाग समोरच्या पिनेशी जुळणारा. मधल्या भागात पत्र्याच्या दोन उभ्या पाकळ्या. त्या तारेच्या उघड्या तांब्याला कवेत घेतात. मागच्या भागात आणखी दोन पाकळ्या, किंचित उंच. त्या तारेच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला धरतात. पुढच्या पाकळ्या वीज वाहून नेतात, मागच्या ताण सोसतात. ही कामाची वाटणी ध्यानात ठेवली की पुढचे सारे सोपे जाते. त्या मुलीच्या पिनेत पुढच्या पाकळ्यांना मागच्यांचे काम मिळाले होते, आणि पुढचे काम कोणीच करीत नव्हते.

पिनेच्या पाठीवर एक बारीक जिभली असते. प्लॅस्टिकच्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, पिन सरकविली की ही जिभली आतल्या खाचेत अडकते आणि पिन मागे येत नाही.

अशा कनेक्टरांचे अनेक घराणे आहेत. दोन शेजारच्या पिनांमधले अंतर हे त्यांच्या ओळखीचे पहिले माप. जेएसटी कंपनीच्या पीएच जातीत ते २.० मि.मी. असते, एक्सएच जातीत २.५ मि.मी. ज्याला बाजारात सर्रास ड्युपाँट म्हणतात, त्यात ते २.५४ मि.मी., म्हणजे इंचाचा दहावा भाग. २.५ आणि २.५४ यांतला फरक दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये जाणवतही नाही. दहा पिनांच्या कनेक्टरमध्ये मात्र नऊ अंतरांचा मिळून ०.३६ मि.मी. फरक साठतो आणि पिना वाकू लागतात. दिसायला सारखे ते सारखे नव्हे, हा पहिला धडा.

दाबल्याने काय घडते

आमच्या पिढीला तारेचा जोड म्हटला की डाख आठवतो. सोनार दागिन्याची कडी झाळतो, तसे कथिल वितळवून दोन धातू एकत्र आणायचे. क्रिंपमध्ये उष्णता नाही, कथिल नाही, चिकट द्रव्य नाही. आहे तो केवळ दाब. मग जोड पक्का कसा होतो?

तांब्याच्या तंतूंवर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. पाकळ्या जोराने आत वळतात तेव्हा तंतू एकमेकांवर आणि पत्र्यावर घासले जातात, तो थर फुटतो आणि ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. गोल तंतू चेपून कोनाकोनांचे होतात, मधल्या फटी भरून येतात. चांगल्या क्रिंपचा आडवा छेद भिंगाखाली पाहिला तर तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. फट उरलेली नसल्यामुळे हवा आणि ओल आत शिरत नाही, आणि जोड वर्षानुवर्षे टिकतो.

दाब कमी पडला तर फटी राहतात. त्यांतून ओल शिरते, गंज चढतो, विजेला अडथळा वाढतो. दाब फार झाला तर तंतू कापले जातात किंवा पाकळीलाच तडा जातो. योग्य दाब या दोन चुकांच्या मधोमध आहे आणि तो पट्टा अरुंद आहे. मोठ्या कारखान्यांत दाबलेल्या भागाची उंची सूक्ष्ममापकाने मोजतात. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो.

अडथळा वाढला तर काय बिघडते, याचे एक साधे गणित मांडतो. एक्सएच कनेक्टर ३ अँपिअर प्रवाहापर्यंत वापरता येतो. जोडाचा रोध १० मिलिओहम असेल तर ३ अँपिअरला तिथे ०.०९ वॅट उष्णता निर्माण होते; ती सहज पसरून जाते. कच्च्या जोडामुळे तोच रोध दसपट झाला तर उष्णता ०.९ वॅट होते. दिव्याच्या मानाने ती किरकोळ वाटेल. पण ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बंद घरात निर्माण होत असते. तापण्याने जोड आणखी सैल होतो, सैल झाल्याने आणखी तापतो. काळपट पडलेले, वितळलेले कनेक्टर दुरुस्तीच्या दुकानात रोज पाहायला मिळतात, त्यातल्या पुष्कळांची कहाणी इथून सुरू होते.

डाखाविना जोड

ही पद्धत रुळली ती विमानांमुळे. विमानात हजारो जोड असतात, ते सतत थरथरत असतात, आणि प्रत्येक ठिकाणी तापते लोखंड घेऊन पोचता येत नाही. शिवाय डाख लावलेली तार डाख जिथे संपतो तिथे ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, युन्कस व्हिटेकर यांनी अमेरिकेत एअरक्राफ्ट मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. विमाने आणि जहाजे यांच्यासाठी डाखाशिवाय बसणारी टर्मिनले हा तिचा धंदा. पुढे ती एएमपी या अक्षरांनी जगभर ओळखली गेली.

जपानमध्ये ओसाका येथे १९५७ साली जेएसटी कंपनी सुरू झाली. तिच्या जपानी नावात 'आत्चाकु' हा शब्द आहे. त्याचा अर्थ दाबून जडविणे. इंग्रजी अक्षरांचा विस्तार 'जपानचे डाखाविना टर्मिनल' असा होतो. एका भाषेने काय करावे ते सांगितले, दुसरीने काय करू नये ते. भाषेच्या माणसाला यात गंमत वाटली तर आपण क्षमा कराल.

इथेच एक सामान्य गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ जण तारेच्या टोकाला आधी कथिल लावतात आणि मग पिन दाबतात. दुहेरी मजबुती येते अशी त्यांची समजूत असते. होते उलटे. डाखाचा धातू मऊ असतो. सतत दाबाखाली तो हळूहळू सरकत राहतो आणि काही महिन्यांनी पकड ढिली होते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९८ साली तारांच्या जोडणीसाठी जी नियमावली काढली, तिच्यात डाख लावलेली तार क्रिंप करण्यास मनाई आहे. कारखान्यातूनच प्रत्येक तंतूला कथिलाचा पातळ मुलामा देऊन आलेली तार चालते; आपण वितळवून गठ्ठा केलेले टोक चालत नाही.

खटक्याची करामत

आता हत्यार. साध्या पक्कडीनेही पाकळ्या वाकविता येतात. त्या मुलीने तेच केले होते. पण पक्कडीचा जबडा सपाट असतो. तो पाकळ्या आडव्या पाडतो, आत वळवीत नाही. क्रिंपरच्या जबड्यात साचे असतात. खालचा साचा पन्हळीसारखा. त्यात पिनेची पाठ बसते. वरच्या साच्यात शेजारीशेजारी दोन कमानी असतात. पाकळ्यांची टोके या कमानींतून सरकत वर जातात, आत वळतात आणि दोन्ही मिळून तंतूंच्या मधोमध खाली उतरतात. आवरणाच्या पाकळ्यांसाठी मागे वेगळा, थोडा मोठा साचा असतो. एकाच दाबात दोन्ही कामे होतात.

अडकित्त्याने सुपारी फोडताना जोर किती लावावा हे हाताला कळते, कारण सुपारी फुटली की काम झाले. क्रिंपमध्ये काहीच फुटत नाही. कुठे थांबावे हे हाताला कळत नाही. थकलेला हात लवकर थांबतो, तरुण हात जास्त रेटतो. म्हणून मुठीच्या आत दातेरी पट्टी आणि तिच्यात अडकणारा एक छोटा खटका बसविलेला असतो. भिंतीवरच्या घड्याळाला चावी देताना कटकट आवाज येतो आणि चावी उलटी फिरत नाही. सायकलचे फ्रीव्हील एकाच दिशेला धरते. तत्त्व तेच. मूठ आवळली की खटका एकेक दात पुढे जातो. मध्येच सोडून दिली तरी मूठ उघडत नाही. शेवटचा दात ओलांडला की खटका उलटतो आणि मूठ आपोआप मोकळी होते. काम पुरे झाल्याखेरीज हे हत्यार माणसाला सोडत नाही. नासाच्या त्याच नियमावलीला क्रिंपसाठी असे पूर्ण फेरा केल्याशिवाय न सुटणारे हत्यार लागते, त्याचे कारण हेच.

मुठीच्या सांध्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. जबडा मिटत जातो तशी तरफेची ताकद वाढत जाते. जिथे धातू सर्वाधिक विरोध करतो तिथे हाताला सर्वाधिक मदत मिळते. म्हणून माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या मुठीलाही ते झेपते.

दोन गोष्टी आणखी असतात. मुठीच्या मध्ये एक लहानशी कळ. पिन वाकडी अडकली तर ती दाबून जबडा मध्येच उघडता येतो. ती चूक सोडविण्यासाठी आहे, घाई करण्यासाठी नव्हे. आणि एक दातेरी चकती. तिने दाब कमीअधिक करता येतो. नवे हत्यार आणले की दोन-चार पिना वाया घालवून ही चकती जुळवून घ्यावी.

कृती

तार निवडताना बाजाराची भाषा समजली पाहिजे. दुकानात '७/३६' किंवा '१४/३६' असे आकडे सांगतात. पहिला आकडा तंतूंची संख्या. दुसरा तंतूच्या जाडीचा ब्रिटिश गेज क्रमांक. ३६ क्रमांकाचा तंतू सुमारे ०.१९ मि.मी. जाड असतो. असे सात मिळून सुमारे ०.२ चौरस मि.मी. तांबे होते, चौदांचे ०.४. पिनेच्या माहितीपत्रकात मात्र बहुधा अमेरिकन गेज दिलेले असते. त्यात क्रमांक वाढला की तार बारीक होते. ७/३६ तार जवळजवळ अमेरिकन २४ क्रमांकाची. एक्सएच जातीची नेहमीची पिन २८ ते २२ क्रमांकापर्यंतची तार घेते, आणि २२ म्हणजे सुमारे ०.३३ चौरस मि.मी. म्हणजे ७/३६ तिच्यात नीट बसते, १४/३६ बसत नाही. जाड तार अधिक चांगली, ही समजूत इथे घात करते.

तार, पिन आणि साचा ही तिन्ही एकमेकांची असली पाहिजेत. जबड्यावर प्रत्येक साच्याजवळ आकडे कोरलेले असतात. ते पाहून साचा निवडावा.

मग तारेचे आवरण सोलावे. लहान पिनांसाठी साधारण दोन ते अडीच मि.मी. पुरे, पुढच्या पाकळ्यांच्या लांबीहून किंचित जास्त. सोलताना एकही तंतू कापला जाऊ नये. सातांतला एक गेला तर तांब्याचा सातवा हिस्सा गेला. विस्कटलेले तंतू चिमटीत हलकेच सरळ करावेत. दोरीसारखा पीळ घालू नये.

पिन साच्यात ठेवावी, पाठ पन्हळीकडे, पाकळ्यांची तोंडे कमानींकडे. पुढचा जुळणीचा भाग आणि पाठीवरची जिभली जबड्याच्या बाहेर राहिली पाहिजे. ती चेपली तर पिन निकामी. मूठ एकदोन दात आवळावी, इतकीच की पिन धरली जाईल पण वळणार नाही. इथे खटक्याचा दुसरा उपयोग कळतो: तो पिन धरून ठेवतो आणि आपला एक हात मोकळा होतो.

आता तार आत सरकवावी. सोललेल्या आवरणाची कड पुढच्या आणि मागच्या पाकळ्यांच्या मधल्या फटीत आली पाहिजे. सगळ्या कृतीत ही एक जागा सर्वांत महत्त्वाची. कड पुढे गेली तर आवरण पुढच्या पाकळ्यांत चेपले जाईल, जे त्या मुलीच्या हातून झाले. कड मागे राहिली तर मागच्या पाकळ्या उघड्या तांब्यावर बसतील आणि ताण सोसायला कोणी उरणार नाही. तार तशीच स्थिर धरून मूठ एका दमात आवळावी, खटका सुटेपर्यंत.

परीक्षा

पिन बाहेर काढून भिंगाखाली पाहावी. पुढच्या पाकळ्यांची टोके मध्यावर मिळून आत उतरलेली हवीत. त्यांच्या पुढे तंतूंची टोके कुंच्यासारखी किंचित डोकावलेली दिसावीत, पण जुळणीच्या भागात शिरलेली नसावीत. दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीत तांबे आणि आवरण दोन्ही दिसावे. मागच्या पाकळ्यांनी आवरणाला मिठी मारलेली असावी, भोसकलेले नसावे. पाकळ्यांच्या मागच्या कडेला पत्रा तुतारीच्या तोंडासारखा जरा फाकलेला असावा. तो नसेल तर धारदार कड तंतूंना कापते. पिन केळ्यासारखी वाकली असेल तर दाब जास्त झाला किंवा साचा लहान पडला.

शेवटी एका हातात पिन, दुसऱ्यात तार धरून सरळ रेषेत बेताने ओढावे. सुटली तर आत्ता सुटू द्यावी. टिकली तरच ती हाउसिंगमध्ये सरकवावी. जिभली अडकल्याचा बारीकसा आवाज येतो. मग पुन्हा एकदा मागे ओढून पाहावे.

खटका काय सांगत नाही

शिकायला लागलो तेव्हा मला वाटले होते की, रॅचेट असले म्हणजे चूक होणारच नाही. पहिल्या दिवशी मी वीस पिना दाबल्या. प्रत्येक वेळी खटका बिनचूक सुटला. ओढून पाहिल्यावर त्यांतल्या नऊ हातात आल्या. काहींत आवरण चेपले होते, काहींत तार पिनेत पुरती पोचलीच नव्हती. एक तर रिकामी पिनच मी मोठ्या निष्ठेने दाबली होती.

माझा विद्यार्थी हसला नाही. तो म्हणाला, "सर, खटका एवढंच सांगतो की दाब पुरा झाला. काय दाबलं ते त्याला माहीत नसतं."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. काम अर्ध्यावर सोडण्याची मुभा हत्यार काढून घेते. एवढी हमी ते देते, आणि ती लहान नाही. पण तार कोणती, साचा कोणता, आवरणाची कड कुठे, याची जबाबदारी ते घेत नाही. पूर्ण झालेले काम आणि बरोबर झालेले काम यांच्यातले अंतर डोळ्यांनी पाहून आणि हाताने ओढूनच मोजावे लागते. मी त्या प्रदर्शनात माझे काम पूर्ण केले होते. शेवटच्या टेबलापर्यंत गेलो, प्रत्येक रकाना भरला, सही केली. खटका सुटला होता. ओढून मात्र मी पाहिले नव्हते. भोंगा का वाजला नाही, हे विचारायला दोन मिनिटे लागली असती.

दोन वर्षांपूर्वी मी त्या मुलीला पत्र लिहिले. तिने वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे आणि ती नोकरी करते. पिनेची सगळी हकीकत कळवून मी क्षमा मागितली. तिचे उत्तर छोटे आणि आदराचे होते. तिने लिहिले की, ती पिन तिने घरातल्या पक्कडीने दाबली होती. पण इतकी वर्षे तिला वाटत होते की तिची आकृतीच चुकली होती. एका शेऱ्याने कोणाची वाट बदलते, असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. परंतु बरोबर असलेली गोष्ट चूक समजून एक मूल दहा वर्षे जगले, आणि तो समज माझ्या सहीने पक्का झाला होता, हे मला नाकारता येत नाही.

म्हणून संस्थेला माझी दोन मागणी आहेत. हा क्रिंपर, सोबत भिंग, पिनांची एक पिशवी आणि ७/३६ तारेचे एक वेटोळे मी शाळेच्या प्रयोगशाळेला देत आहे. त्याचा स्वीकार व्हावा, आणि ते कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती पडावे. पिना वाया जातील. जाऊ द्याव्यात, त्या काही पैशांना मिळतात. दुसरी मागणी परीक्षकांच्या पत्रकाविषयी आहे. प्रयोग चालला नाही तर शेरा लिहिण्याआधी यंत्र उघडून, मुलाला शेजारी बसवून, प्रत्येक जोड ओढून पाहावा आणि तसे पाहिल्याची नोंद करण्यासाठी पत्रकात एक रकाना असावा.

गुरुजी तो रकाना न छापताच भरीत असत.